आधी आडात पाणी: पहिल्या मंडळीत रुजू झालेल्या पाळकासाठी

नव्या पाळकाला पहिल्या आठवड्यात बरंच काही सांगितलं जातं. बाप्तिस्म्याचं रजिस्टर कोणत्या कपाटात आहे, कबरस्तानाच्या फाटकाची किल्ली कोणाकडे असते, कोणत्या दोन घरांचं एकमेकांशी बोलणं नाही, रंगकाम नाताळच्या आधी काढायचं की नंतर. हे सगळं कळायलाच हवं. पण "पाळकसाहेब, तुम्ही स्वतः रोज देवासमोर कधी बसता आणि कुठे बसता?" असं कोणी विचारत नाही. कमिटी विचारत नाही, वरिष्ठ विचारत नाहीत. पाळक आहे म्हणजे प्रार्थना आणि वचनवाचन असणारच, असं सगळे धरून चालतात. इंदूरमध्ये जवळजवळ तीस वर्षं सेवा केल्यावर मी सांगतो, पाळकाच्या दिवसातून सगळ्यात आधी गळतात त्या ह्याच दोन गोष्टी. आणि गळल्या तरी बाहेर कोणाला दिसत नाही. उपासना वेळेवर सुरू होते, संदेश होतो, आशीर्वाद होतो, लोक हात मिळवून घरी जातात.

मला ते माझ्या सेवेच्या तिसऱ्या वर्षी कळलं. परदेशीपुऱ्यातल्या एका घरी तान्हं बाळ गेलं होतं. मी पोहोचलो, सगळे उठून उभे राहिले, मी प्रार्थनेला सुरुवात केली आणि तोंडातून निघाली ती गेल्या रविवारच्या संदेशातली वाक्यं. तशीच, त्याच क्रमाने. बाळाच्या आईने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ती काही बोलली नाही. परत येताना मी आठवू लागलो, संदेशाच्या तयारीसाठी नव्हे तर स्वतःसाठी मी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, शेवटचं कधी उघडलं होतं? आठवेना. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. ती माझ्याबद्दल आहे हे त्या रात्री समजलं.

पुढे जे लिहिलं आहे ते त्या रात्रीनंतर हळूहळू शिकलेलं आहे. पावलं क्रमाने घ्या. सगळी एका सोमवारपासून सुरू करू नका, एकेका पावलाला महिना-महिना द्या.

पहिलं पाऊल: वेळेच्या आधी जागा ठरवा

बहुतेक जण आधी वेळ ठरवतात. "उद्यापासून पाचला उठायचं," आणि आठवड्याभरात ते मोडतं, कारण उठून बसायचं कुठे हे ठरलेलं नसतं. पाळकाच्या घरात पुढची खोली म्हणजे अर्धं ऑफिस. तिथे बसलात की कोणीतरी येणारच. चर्चची किल्ली तुमच्याकडे आहे. पहाटे चर्च रिकामं असतं. तिथे जा, पण व्यासपीठाजवळ बसू नका. शेवटून दुसऱ्या बाकावर बसा, जिथे उशिरा येणारी माणसं बसतात. तिथून वेदी किती लांब दिसते ते बघा. मंडळीतल्या शेवटच्या माणसाच्या जागेवर बसून केलेली प्रार्थना वेगळी होते, हा माझा अनुभव आहे.

चर्चची इमारत नसेल, भाड्याच्या दोन खोल्यांत मंडळी जमत असेल, तर गच्ची बघा, जिन्याची वरची पायरी बघा, चहा होण्याआधीचं स्वयंपाकघर बघा. जागा रोज तीच असू द्या.

मग वेळ. इंदूरची सकाळ फार लवकर बोलू लागते. कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत शिरली की घराघरांतून बादल्या बाहेर येतात, पोह्यांच्या ठेल्यावर वाफ दिसू लागते आणि तुमचा फोनही सुरू होतो. मी त्या गाण्याच्या आधी उठून बसायचं ठरवलं, आणि ते गाणं ऐकू आलं की 'आमेन' म्हणायचं. सुरुवातीला चाळीस मिनिटं पुरेत, वीस वाचनाला, वीस प्रार्थनेला. दोन तासांचा संकल्प करू नका. मोडलेला मोठा संकल्प मनाला फार दिवस टोचत राहतो आणि त्या टोचणीतच माणूस सगळं सोडून देतो.

पहाटच हवी असा काही नियम शास्त्रात नाही. दानीएल दिवसातून तीनदा खिडकीपाशी गुडघे टेकायचा (दानीएल ६:१०). पाळक बाई असेल, घरात लहान मूल असेल, सकाळी डबे करायचे असतील, तर मुलं शाळेत गेल्यावरची अकराची वेळ तितकीच पवित्र आहे. घरच्यांशी बोलून ठरवा. तुमच्या एकांताची किंमत रोज दुसऱ्याच कोणीतरी मोजत असेल तर तो एकांत टिकणार नाही.

फोनबद्दल एक गोष्ट. पाळकाने फोन बंद करू नये, एमवाय ह्या शहरातल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलमधून अपरात्री बोलावणं येऊ शकतं. घंटी चालू ठेवा, नेट बंद ठेवा, आणि फोन हाताशी नको, नुसता आवाज येईल इतक्या अंतरावर ठेवा.

ह्या पावलाला मी एक शास्त्रभाग जोडून देतो. मार्क १:३५ सगळ्यांना पाठ असतं: मोठ्या पहाटे, अंधार असतानाच, येशू उठून एकांतात गेला आणि प्रार्थना करत राहिला. पण त्याच्या आधीचं आणि नंतरचं वाचा. आदल्या संध्याकाळी सगळं नगर दाराशी लोटलं होतं, म्हणजे तो थकलेला होता. सकाळी शिमोन त्याला शोधत येतो आणि सांगतो की सगळे तुमच्या शोधात आहेत. आपल्यापैकी कोणीही लगेच परत गेला असता. येशू म्हणतो, आपण आसपासच्या दुसऱ्या गावांत जाऊ. गर्दीने मागितलं ते न करण्याचं बळ त्या एकांतातून आलं. नव्या पाळकाला "नाही" म्हणता येत नाही ही त्याची सगळ्यात मोठी अडचण असते, आणि ते म्हणायला शिकायची जागा मला तरी दुसरी कुठली सापडली नाही.

दुसरं पाऊल: दोन वाचनं वेगळी ठेवा

ह्या लेखातलं एकच पाऊल उचलणार असाल तर हे उचला.

संदेशासाठी वाचताना आपण नकळत दुसऱ्यांसाठी वाचत असतो. "हे वचन तरुण संघाला छान लागू पडेल," "हे त्या दोन भावांनी ऐकायला हवं." शब्द डोळ्यांतून आत येतात आणि तसेच दुसऱ्याच्या दिशेने निघून जातात, आपल्याला स्पर्श न करता. म्हणून स्वतःच्या जिवासाठीचं वाचन वेगळं ठेवा: वेगळी वही आणि शक्य असेल तर पवित्र शास्त्राची वेगळी प्रत. पक्का नियम असा की सकाळच्या वहीतलं त्याच आठवड्यात व्यासपीठावर न्यायचं नाही. दोन-तीन महिने मुरू द्या. एज्राबद्दल लिहिलं आहे की त्याने नियमशास्त्र अभ्यासायचं, आचरायचं आणि मग इस्राएलाला शिकवायचं असं मनाशी ठरवलं होतं (एज्रा ७:१०). मधलं पाऊल गाळून पहिल्यावरून तिसऱ्यावर उडी मारायची सवय आपल्याला सेमिनरीतच लागते.

किती वाचायचं? पवित्र शास्त्रात ६६ पुस्तकं आणि १,१८९ अध्याय आहेत. स्कॉटलंडमधले पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन ह्यांनी १८४२ मध्ये आपल्या मंडळीला रोज चार अध्यायांचं कोष्टक करून दिलं होतं. त्यात वर्षभरात जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रसंहिता दोनदा वाचून होते. कोष्टक उत्तम आहे. पण पहिल्या वर्षी, मातीला जाणं, लग्नं, कमिटीच्या बैठका हे सगळं नवीन असताना, रोजचे चार अध्याय चुकतात आणि मग माणूस मागे पडलेले अध्याय भरून काढण्यासाठी वाचू लागतो. ते वाचन राहत नाही, हप्ता फेडणं होतं.

मी नव्यांना सोपा हिशेब देतो. नव्या करारात २६० अध्याय आहेत. आठवड्याला पाच वाचले तर ५२ आठवड्यांत, म्हणजे बरोबर वर्षात, नवा करार होतो आणि आठवड्याचे दोन दिवस चुकण्यासाठी मोकळे राहतात. सोबत रोज एक स्तोत्र, १५० दिवसांत स्तोत्रसंहिता पूर्ण. पहिलं वर्ष एवढंच. दुसऱ्या वर्षी जुना करार धरा. स्तोत्रं सोडून त्याचे ७७९ अध्याय उरतात, रोज दोन वाचले तर साधारण तेरा महिने लागतात. सुरुवात मार्कापासून करा. सोळाच अध्याय आहेत, आणि एखाद्या सोमवारी ते एका बैठकीत सलग वाचून बघा. दोन तासांच्या आत होतं. इतकी वर्षं तुकड्यातुकड्यांनी ऐकलेलं सगळं एका दमात समोरून जातं तेव्हा काय होतं ते मी इथे सांगत नाही.

मोठ्याने वाचा. पहिल्या स्तोत्रात धन्य पुरुष नियमशास्त्राचं रात्रंदिवस मनन करतो असं आहे. तिथल्या हिब्रू शब्दात तोंडातल्या तोंडात पुटपुटण्याचा आवाज आहे. तोच शब्द यशयाने भक्ष्यावर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी (३१:४) आणि घुमणाऱ्या पारव्यासाठी (३८:१४) वापरला आहे. मनन म्हणजे डोळे मिटून गप्प बसणं, असं आपण समजतो. ओठ हलले पाहिजेत. आमच्या आजीला वाचता येत नव्हतं, पण तेविसावं स्तोत्र ती धान्य निवडताना पुटपुटत असे, आणि त्या शब्दाचा अर्थ तिने मला कोणत्याही ग्रंथाआधी दाखवला होता.

आणि कधीकधी हाताने उतरवून काढा. जुन्या करारातल्या 'अनुवाद' ह्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात राजाला आज्ञा आहे की सिंहासनावर बसल्यावर त्याने नियमशास्त्राची नक्कल स्वतःसाठी लिहून घ्यावी आणि ती आयुष्यभर वाचावी. फिलेमोनाला लिहिलेलं पत्र अवघ्या २५ वचनांचं आहे, तिथून सुरू करा. पेन चालतं त्या गतीने मन चालू लागतं.

तिसरं पाऊल: रविवारच्या भागाशी आठवडाभर राहा

संदेशाचा अभ्यास शनिवारी रात्री होत नाही. सोमवार विश्रांतीचा ठेवा. मंगळवारी भाग निवडा आणि काहीही न लिहिता पाच-सहा वेळा वाचा. बुधवारी प्रश्न लिहा, उत्तरं नकोत. गुरुवारपर्यंत टीकाग्रंथ, म्हणजे शास्त्रावरची भाष्यं, उघडू नका, आणि मोबाइलवर त्याच भागावरचे दुसऱ्यांचे संदेश तर मुळीच ऐकू नका. एकदा दुसऱ्याचे मुद्दे कानात शिरले की तुमचे डोळे त्या भागात नवं काही बघतच नाहीत. शुक्रवारी लिहा. शनिवारी लिहिलेलं घेऊन त्या शेवटून दुसऱ्या बाकावर बसा आणि ते वाक्यावाक्याने प्रार्थनेत बोला. जे वाक्य देवासमोर बोलताना अडखळतं ते लोकांसमोर बोलू नका.

उदाहरण म्हणून प्रेषितांची कृत्ये ६:१-७ घेऊ. पाळकाच्या प्रार्थनेबद्दल बोलताना हा भाग नेहमी काढला जातो, आणि मला वाटतं घाईघाईत काढला जातो. प्रेषित म्हणाले की आम्ही प्रार्थनेत आणि वचनाच्या सेवेत तत्पर राहू. हे वाक्य उचलून काही पाळक भेटी टाळतात, दवाखान्यात जाणं टाळतात, "ते काम मंडळीच्या वडीलजनांचं" म्हणतात.

आता सावकाश वाचा. कुरकुर कशाची होती? रोजच्या अन्नवाटपात काही विधवा राहून जात होत्या. कोणत्या विधवा? ग्रीक बोलणाऱ्या. यरुशलेमेत बहुसंख्यांची भाषा वेगळी होती आणि ह्या बायका दुसऱ्या भाषेच्या. कोणी मुद्दाम वगळलं असं लिहिलेलं नाही. भाषा वेगळी असली की माणूस यादीतून आपोआप गळतो. प्रेषितांनी ती कुरकुर झटकली नाही, सगळ्या शिष्यांना बोलावलं आणि सात माणसं निवडायला सांगितली. निवडलेल्या सातांची नावं, स्तेफन आणि फिलिप्प धरून, सगळी ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांचं दुखणं होतं त्यांच्याच भाषेतल्या माणसांच्या हाती वाटप सोपवलं गेलं. आणि मूळ ग्रीकमध्ये पंगतीच्या सेवेसाठी आणि वचनाच्या सेवेसाठी एकाच धातूतला शब्द आहे. एक हलकं, एक भारी असा भेद त्यात नाही. चौथ्या वचनात आधी प्रार्थना आहे, मग वचन, ह्याकडेही लक्ष द्या.

एवढं बघून झाल्यावर पाळकाने स्वतःला विचारायचा प्रश्न असा: माझ्या मंडळीत भाषेमुळे कोण राहून जातंय? मी हा भाग पहिल्यांदा असा वाचला तेव्हा मला लोकमान्य नगरातल्या एक मराठी आजी आठवल्या. हिंदी उपासनेत त्या दर रविवारी पहिल्या बाकावर बसत, आणि पाच वर्षांत मी त्यांच्याशी त्यांच्या भाषेत एकदाही प्रार्थना केली नव्हती. मराठी माझीही मातृभाषा असून.

चौथं पाऊल: नावांची वही

सर्वसाधारण प्रार्थना करणं सोपं असतं. "प्रभू, मंडळीला आशीर्वाद दे" म्हणायला दहा सेकंद लागतात आणि त्यात कोणाचाच चेहरा दिसत नाही. निर्गमाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात अहरोन याजकाच्या ऊरपटावर, म्हणजे छातीवरच्या पट्टावर, बारा रत्नं आहेत, प्रत्येकावर एका वंशाचं नाव कोरलेलं. पवित्रस्थानात जाताना ती नावं त्याने हृदयावर वाहून न्यायची. तेवढंच आपण करायचं, वहीत.

मंडळीत साठ घरं असतील तर रविवार सोडून रोज दहा. मी वस्तीप्रमाणे वाटलं होतं: एका दिवशी मालवा मिल आणि परदेशीपुरा, एका दिवशी राजेंद्र नगर, एका दिवशी महूकडची घरं, असं. एका घराला एक पान. घरातल्या प्रत्येकाचं नाव, लहान मुलांचंही, आणि खाली फक्त तारीख व दोन-तीन शब्द: "नोकरी", "गुडघा", "मुलीची परीक्षा". भेटीहून आल्यावर लगेच लिहा. पुढच्या भेटीत "गुडघा कसा आहे?" असं विचारलंत की समोरच्याला कळतं हे नाव कोणीतरी देवापुढे नेलं होतं.

इथे एक गोष्ट मी जोर देऊन सांगतो. ही वही तिसऱ्या माणसाच्या हाती पडता कामा नये. कर्ज, दारू, नवरा-बायकोतली ताटातूट असं काही असेल तर नुसती खूण करा. आणि कोणाचं खाजगी दुःख "प्रार्थनेचा विषय" म्हणून सभेत सांगू नका, ते घर स्वतः सांगत नाही तोवर. प्रार्थनेच्या नावाखाली झालेल्या चहाडीने माणसं मंडळीपासून तुटतात, आणि अशी तुटलेली माणसं सहसा परत येत नाहीत.

ज्यांच्याशी आपलं पटत नाही त्यांची पानं चुकवायचा मोह होतो. कमिटीत तुमच्याविरुद्ध बोलणाऱ्याचं पान आलं की हात आपोआप पुढचं पान उलटतो. शमुवेलाला लोकांनी बाजूला सारून राजा मागितला, तरी तो त्यांना म्हणाला की तुमच्यासाठी प्रार्थना करायचं सोडून देण्याचं पाप माझ्या हातून न घडो (१ शमुवेल १२:२३). त्याने त्याला पाप म्हटलं आहे. मी त्या पानाशी आधी काही बोलायचो नाही, नुसतं नाव वाचून थांबायचो. काही महिन्यांनी बोलता आलं.

पाचवं पाऊल: दोन्ही भाषांत वाचा

कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी १८७७ मध्ये इंदूरला काम सुरू केलं, १८८७ मध्ये इथे ख्रिश्चन कॉलेज निघालं. इथली उपासना हिंदीत होते आणि दारात "जय मसीह की" म्हणतात. पण नगर-जालन्याकडून आलेली आमच्यासारखी घरं जेवणाआधी मराठीतच हात जोडतात. नव्या पाळकाला ही अडचण वाटते. मला ती देणगी वाटते.

तेविसावं स्तोत्र घ्या. मराठीत परमेश्वर 'मेंढपाळ' आहे, हिंदीत 'चरवाहा'. मराठी शब्द पाळतो, हिंदी शब्द चारतो. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात आपण 'पाळक' आहोत, हिंदीत 'रखवाले'. पाळायचं, चारायचं, राखायचं. तिन्ही कामं एकाच माणसाची, आणि एका भाषेत एकच दिसतं. पावसाळा सरल्यावर राजस्थानकडचे रेबारी मेंढरं आणि उंट घेऊन माळव्यात उतरतात. हमरस्त्याच्या कडेने चाललेला तो कळप दिसला की दोन मिनिटं थांबून त्या माणसाची नजर कुठे आहे ते बघा.

पुस्तकांची नावं आधी दोन्हीकडची पाठ करा, नाहीतर उपासनेत गोंधळ होतो. आपलं 'अनुवाद' म्हणजे हिंदीत 'व्यवस्थाविवरण', 'शास्ते' म्हणजे 'न्यायियों', 'स्तोत्रसंहिता' म्हणजे 'भजन संहिता', 'प्रेषितांची कृत्ये' म्हणजे 'प्रेरितों के काम'. संदेशाचा भाग दोन्ही भाषांत शेजारी ठेवून वाचा आणि जिथे शब्द जुळत नाहीत तिथे रेघ मारा. तुमचा अभ्यास तिथूनच सुरू होतो. ग्रंथांवर पहिल्या वर्षी फार खर्च करू नका. दोन भाषांतली शास्त्रं, कोणता शब्द कुठे आला ते दाखवणारा एक चांगला शब्दसंदर्भ आणि एक पवित्र शास्त्राचा कोश एवढं पुरतं.

मूळ भाषा शिकायला उशीर झाला असं कोणी म्हटलं की मी पंडिता रमाबाईंचं नाव घेतो. आश्रम, दुष्काळातून आणलेल्या मुली, हे सगळं चालू असताना त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं, आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण शास्त्राचं भाषांतर १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत केलं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्येच ते छापलं गेलं. आपल्याला भाषांतर करायचं नाही. ग्रीक वर्णमाला शिकायला मात्र तीन आठवडे लागतात.

सहावं पाऊल: कोरड्या दिवसांची सोय आधीच करा

असे दिवस येतील. बसाल आणि शब्द येणार नाहीत, पान वाचून होईल आणि काय वाचलं ते आठवणार नाही. हे मागे घसरणं आहे असं लगेच समजू नका. आधी झोप बघा. एलीया झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवाने त्याला समजावलं नाही, झोपू दिलं, भाकर दिली, पुन्हा झोपू दिलं (१ राजे १९). आठवड्यात तीन अंत्यविधी केलेल्या पाळकाला पहाटे प्रार्थना जमली नाही तर त्याने त्या दिवशी सातपर्यंत झोपावं.

झोप झाली तरी कोरडेपणा असेल, तर स्वतःचे शब्द शोधू नका, उसने घ्या. प्रभूची प्रार्थना एकेक वाक्य थांबत म्हणा. स्तोत्रं घ्या. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात सगळी स्तोत्रं तीस दिवसांत सकाळ-संध्याकाळ वाटून दिलेली आहेत, ती पद्धत अशा वेळी फार उपयोगी पडते, कारण निवड करावी लागत नाही. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र जवळ ठेवा. त्याचा शेवट उजेडात होत नाही, हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच अंधार आहे. तरी ते शास्त्रात आहे, देवाला उद्देशून आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९) अभंग-ओवीच्या वळणाने लिहिलेली भजनं म्हणा, एकट्याने म्हणा, सूर लागला नाही तरी. मराठी माणसाचं कोरडं मन गद्यापेक्षा अभंगाला लवकर ओलं होतं.

उपास-प्रार्थना जरूर करा, पण मधुमेह असेल, गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि उपास केल्याचं व्यासपीठावरून सांगू नका.

सातवं पाऊल: कोणाला तरी माहीत असू द्या

थोडक्यात सांगतो. कमिटीच्या पहिल्या-दुसऱ्या बैठकीतच सांगा: "सकाळी ह्या वेळेत मी चर्चमध्ये असतो. कोणी अत्यवस्थ असेल तर जरूर या, इतर कामाला नंतर या." लोक मान देतात, सांगितलं नाही तर त्यांना कळणार कसं? शिवाय एक माणूस असा असावा जो तुमच्या मंडळीतला नाही. दुसऱ्या पंथाचा पाळक असेल तर उत्तम, त्याच्याशी पदाची स्पर्धा नसते. महिन्यातून एकदा भेटा, चहा घ्या, आणि एकमेकांना एकच प्रश्न विचारा: ह्या महिन्यात स्वतःसाठी काय वाचलंस? माझा असा एक मित्र होता. काही महिने मला खरं उत्तर द्यायची लाज वाटली, तरी मी दिलं, आणि त्याने उपदेश न करता तिथेच माझ्यासोबत मार्काचा एक अध्याय मोठ्याने वाचला.

शेवटचं काम डिसेंबरातलं. नाताळ उरकला, जुन्या वर्षाची शेवटची उपासना अजून व्हायची आहे, त्या मधल्या दोन-तीन दिवसांत नवी वही घ्या आणि जुन्या वहीतली नावं हाताने उतरवून काढा. फोटो काढू नका, छापून घेऊ नका. कोणाचं बाळ जन्मलं, कोण पुण्याला गेलं, कोणत्या पानावर वर्षभर तीच खूण राहिली, हे उतरवतानाच कळतं. जे प्रभूकडे गेले त्यांची नावं नव्या वहीत येत नाहीत. लोकमान्य नगरातल्या आजींच्या पानाशी मी बराच वेळ थांबलो होतो. मग त्यांच्या जागी त्यांच्या सुनेचं आणि दोन नातवांचं नाव लिहिलं, आणि कंसात, मला आठवावं म्हणून: मराठीत.